हळदीच्या मांडवात मँडोलिन

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी शाळेत होतो. नवरदेव मँडोलिन वाजवतो, ही बातमी भातकुलीकडच्या आमच्या गावात नवरदेवाच्या आधी येऊन पोचली. मँडोलिन म्हणजे काय, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. आजोबांनी बाबांना सरळच विचारलं, "जवाई बँडवाला हाय काय रे? पोरगी बँडवाल्याले देऊन राहिला काय?"

बाबांनी त्यांना परोपरीनं समजावलं. मुलगा अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये स्टोअरकीपर आहे, पक्की नोकरी आहे, अकोल्यात स्वतःचं घर आहे, वाजवणं आपलं हौसेचं. आजोबांना ते काही पटलं नाही. मग लग्नाच्या दिवशी पंगती चालू असताना मित्रांनी आग्रह केला, आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवानं ते वाद्य मांडीवर घेऊन एक लहानशी धून वाजवली. वाढपी बुंदीचं घमेलं हातात धरून जागच्या जागी उभे राहिले. आजोबांनी सगळी धून ऐकून घेतली आणि म्हणाले, "हे तं लय नाजूक हाय. बँडवाल्याचं असं नाई राहत." आमच्या घरात भाऊजींना मान मिळाला तो त्या दिवसापासून.

ती धून भाऊजींची स्वतःची होती. कुठल्या सिनेमातली नव्हती. अकोल्यातल्या पाच-सहा मित्रांची त्यांची एक ऑर्केस्ट्रा पार्टी होती. लग्नसराईत अकोट, मूर्तिजापूर, कधी अमरावतीपर्यंत ते कार्यक्रमाला जायचे, आणि प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात त्या धुनेनं व्हायची. चार ओळींची धून. पहिल्या दोन ओळी खालून वर जाणाऱ्या, तिसरी जरा वळणाची आणि चौथी परत घरी आणून सोडणारी. मी ती किती वेळा ऐकली असेन त्याला गणती नाही. पण आपण कधी ती वाजवावी, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

माझं अमरावतीला राजापेठेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी जळालेल्या पंपाच्या मोटरी घेऊन येतात, मी जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरून देतो. पंचवीस-तीस वर्षं हेच करत आलो. गाणंबिणं माझ्या वाट्याला आलं ते रेडिओवरचं.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळा तोंडावर असताना, भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी दाढी करता करता हातातलं रेझर गळून पडलं आणि मग ते स्वतःच पडले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवी बाजू गेलेली होती. हळूहळू काठी घेऊन चालायला लागले, पण उजवा हात तसाच लोंबकळत राहिला. आणि बोलणं गेलं. समोरचा काय म्हणतो ते सगळं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "अरे". पाणी हवं असलं तरी अरे, पंखा बंद करायचा असला तरी अरे, नातलगांपैकी कोणी रडायला लागलं तर त्याला गप्प करायलाही अरे. कुठला अरे कशासाठी आहे, हे फक्त ताईला ओळखू यायचं.

मी दर रविवारी दुकान बंद ठेवून एसटीनं अकोल्याला जाऊ लागलो. जाऊन करायचं काय, हा प्रश्नच होता. भाऊजींशी बोलणं म्हणजे मी बोलायचं आणि त्यांनी मान हलवायची. पीकपाणी, बाजार, कोणाच्या पोराचं कुठं जमलं, सगळं सांगून झालं, की आम्ही दोघं रस्त्याकडे पाहत बसायचो.

अशाच एका रविवारी त्यांनी काठीनं कपाटाच्या वर खूण केली. तिथं मँडोलिनची काळी पेटी होती. ताई स्वयंपाकघरात होती. मी स्टुलावर चढून पेटी काढली, धूळ पुसली आणि मँडोलिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा डावा हात वाद्याच्या दांडीवर गेला आणि बोटं आपोआप पडद्यांवर, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांवर, चालू लागली. एक बोट उठतं, दुसरं बसतं, तिसरं सरकतं. पण आवाज नाही. तारा छेडायच्या त्या उजव्या हातानं, आणि उजवा हात तर शेजारी उशीवर पडलेला. बोटं मात्र थांबत नव्हती. त्यांना ते ऐकू येत असावं. मला येत नव्हतं, आणि ते मला बघवेना.

मी त्यांच्या उजव्या बाजूला सरकून बसलो आणि अंगठ्यानं तारा छेडल्या. सूर उमटला. चांगला होता की वाईट, मला सांगता येणार नाही, पण भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा छेडलं. त्यांनी बोट बदललं, मी छेडलं. पुन्हा बदललं, पुन्हा छेडलं. ताई कणकेचे हात घेऊन दारात आली. तिला क्षणभर वाटलं असणार की तेच वाजवताहेत. मग माझा हात दिसला. ती आत निघून गेली.

आमचं शिकणं असं सुरू झालं. मँडोलिन एक आणि माणसं दोन. डावा हात त्यांचा, उजवा माझा. पेटीत त्यांच्या जुन्या पिका होत्या, तारा छेडायच्या नखाएवढ्या पातळ पट्ट्या. पीक चिमटीत कशी धरायची, हे त्यांनी डाव्या हातानं माझी बोटं दुमडून दाखवलं. मँडोलिनचा सूर लगेच विरतो. तो लांबवायचा असेल तर पीक तारेवर भराभर खाली-वर फिरवत राहावी लागते. हे मला महिनाभर जमलं नाही. पीक एकतर अडकायची, नाहीतर तारेला न लागता हवेतच फिरायची. चुकलं की भाऊजी गुडघ्यानं माझ्या गुडघ्याला ढोसायचे. जमलं तर मात्र काहीच करायचे नाहीत. ढोसणं आलं नाही म्हणजे बरं चाललंय, असं मी समजायचो.

मग एका रविवारी त्यांनी आपला डावा हात काढून घेतला आणि माझा तिथं ठेवला. मी म्हटलं, "भाऊजी, हे मले जमनार नाई. माही बोटं पाहा ना, एक बोट ठेवलं तं दोन जोड्या दबतात." मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात, आणि माझी बोटं तांब्याची तार ओढून ओढून कडक आणि जाड झालेली. त्यांनी ऐकलं नाही. माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली आणि दाबली. आतून धून गुणगुणायचे. शब्द नाही, सरगम नाही, नुसतं अं अं अं.

पुढं त्यांनी मँडोलिनच माझ्याबरोबर अमरावतीला पाठवून दिलं. मोटर भरून झाली, की तारेवरचं वार्निश सुकायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी दुकानाच्या आतल्या बाजूला बसून सराव करायचो. समोरच्या क्लासमधून मुलं सुटायची, गाड्यांचे हॉर्न वाजायचे, आणि त्यात माझी ती पहिली ओळ. एकदा एक म्हातारे शेतकरी काउंटरपाशी उभे राहून बराच वेळ ऐकत होते. मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "भाऊ, माही मोटर भरून झाली काय, का हेच करून राहिले सकाळपासून?"

"झाली ना काका. वार्निश सुकून राहिलं."

"मंग वाजवा," ते म्हणाले आणि बाकावर बसले. "पन जरा चांगलं वाजवा."

घरी बायकोचंही तेच. "एकच ओळ किती दिवस चालनार हाय? एवढ्यात तं तुरीची दाळ बिनकुकरची शिजली असती." पण मी सरावाला बसलो की टीव्हीचा आवाज ती कमी करायची, हेही खरं.

असं वर्ष गेलं. तीन ओळी आल्या. चौथी कधी यायची, कधी नाही. आणि मग भाचीचं लग्न ठरलं. ताई-भाऊजींची एकुलती एक मुलगी, नागपूरला नोकरीला आहे. तिनं मला दुकानात फोन केला.

"मामा, हळदीला तुमी बाबाची धून वाजवसान."

मी म्हटलं, "बेटा, मले पूर्न येत नाई."

"जेवढी येते तेवढी वाजवा."

"अन् लोक हासले तं?"

"हासू द्या न. लग्न हाय, कोनाची मयत थोडी हाय."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रविवारी अकोल्याला गेलो तेव्हा ताईच्या कानावर ते गेलेलं होतं. तिनं मला अंगणात बोलावून घेतलं आणि दार ओढून घेतलं. "तुले समजते काय काही?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "साऱ्या गावासमोर त्याहिचं वाजवनं दुसऱ्याच्या हातात पाहून त्याहिले काय वाटन? घरात वाजवता ते ठीक हाय. तिथं त्याहिचे पार्टीचे मानसं येतीन, जिनिंगवाले येतीन. जो तो येऊन हात धरन अन् म्हनन, तुमी किती छान वाजवत होते. मी हे आयकू नाई शकत."

तिचं चुकत नव्हतं. मीही याचाच विचार करत एसटीत आलो होतो. मी म्हटलं, "ठीक हाय, नाई वाजवत."

तेवढ्यात आतून काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. मग "अरे!" आणि पुन्हा काठी. दार ओढलेलं असलं तरी खिडकी उघडीच होती. ताई आत गेली. मी बाहेरच थांबलो. आतून बराच वेळ तिचं बोलणं आणि त्यांचं अरे ऐकू येत राहिलं. मग ती बाहेर आली, डोळे पदरानं पुसले आणि म्हणाली, "जाय, पेटी घेऊन बस. चवथी वळ तुह्यी कच्ची हाय म्हनतात ते." तिला त्या अरेमध्ये चौथी ओळ कशी ऐकू आली, देव जाणे.

हळद अकोल्यातल्याच एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर होती. संध्याकाळची वेळ. पिवळे पडदे, पिवळ्या साड्या, पोरापोरींचे पिवळे कुर्ते, आणि एका कोपऱ्यात डीजेचे स्पीकर छाती दणाणेल इतके मोठे. भाऊजींच्या जुन्या पार्टीतले दोघं आले होते. एक कीबोर्ड वाजवणारे, आता शाळेतून रिटायर झालेले, आणि दुसरे ढोलकवाले. दोघांनी आपापली वाद्यं आणली होती. कोणी बोलावलं म्हणून नव्हे. या घरात लग्न म्हणजे आपण वाजवणारच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

कीबोर्डवाल्यांनी मला विचारलं, "कोन्या पट्टीत वाजवता?"

"ते मले नाई समजत," मी म्हटलं. "भाऊजींनं बोटं जिथं ठेवली तिथं ठेवतो."

ते हसले. "ठीक हाय. तुमी वाजवा, मी हुडकतो." मग माझ्या हातातून मँडोलिन घेऊन त्यांनी खुंट्या पिळून तारा नीट लावून दिल्या. गर्मीत तारा उतरल्या होत्या आणि मला ते कळलंही नव्हतं.

पहिल्या रांगेत मधोमध भाऊजींची खुर्ची होती. पांढरा सदरा, खांद्यावर पिवळा रुमाल. त्यांच्या एका बाजूला त्यांची मोठी बहीण, म्हणजे भाचीची आत्या, अकोटहून आलेली. सत्तरीची बाई, आवाज खणखणीत. ताई हळदीच्या ताटाची गडबड करत फिरत होती, माझ्याकडे मुद्दाम पाहत नव्हती.

डीजे बंद केला तेव्हा नाचणारी पोरं नाराज झाली. माईक हातात असलेल्या भाचीच्या चुलतभावानं त्यांना खूश करायला की काय, जाहीर केलं, "आता आपल्यासमोर येत आहेत अमरावतीचे सुप्रसिद्ध मँडोलिनवादक, नवरीचे मामा!" टाळ्या झाल्या. सुप्रसिद्ध हा शब्द ऐकल्याबरोबर माझ्या तळहातांना घाम फुटला. दुकानात दिवसभर अनोळखी माणसांशी बोलतो, मोटरवर वीज सोडतो, कधी काही वाटलं नाही. तिथं खुर्चीवर बसून मी हात दोनदा पँटला पुसले. मग मँडोलिन मांडीवर घेतलं.

मी सुरुवात केली. पहिली ओळ आली, पण दुप्पट वेगानं. ढोलकवाले माझ्यामागे धावत असल्यासारखे वाजवत होते. माईकमधून माझ्याच पिकेचा कच् कच् आवाज मोठा होऊन ऐकू येत होता आणि सूर कुठंतरी मागे राहिला होता. मागच्या खुर्च्यांवर बोलणं सुरू झालं. मी आणखी जोर लावला. दुसऱ्या ओळीच्या शेवटाला सूर लांबवायचा होता. हात भराभर खाली-वर फिरवला, आणि ओल्या चिमटीतून पीक निसटली. खाली पडली असती तर उचलली असती. ती मँडोलिनच्या मधल्या भोकातून सरळ आत गेली.

मी मँडोलिन उलटं केलं आणि हलवू लागलो. तीनशे माणसांसमोर, माईकच्या पुढ्यात. आतून खडखड, खडखड आवाज येतोय, पण पीक बाहेर येत नाही. पोरं हसायला लागली. आत्याबाईंनी पहिल्या रांगेतून विचारलं, "काय झालं रे बापू? घास भरवून राहिला काय त्याले?"

मग सगळंच लॉन हसलं. मी मान वर करून भाऊजींकडे पाहिलं. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय असेल याचीच धास्ती होती. ते हसत होते. चेहऱ्याचा एकच अर्धा भाग हलत होता, पण खांदे गदगद हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. झटक्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ते हसताहेत म्हटल्यावर मलाही हसू आलं.

दुसरी पीक पेटीत होती, पण पेटी आतल्या खोलीत. कोणी तरी आणायला धावलं. मी वाट पाहिली नाही. अंगठ्याच्या नखानं तार छेडली आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. नखानं सूर लांबवता येत नाही, भराभर तर मुळीच वाजवता येत नाही. एक सूर, मग दुसरा, मग तिसरा, असं सुटं सुटं वाजवावं लागतं. ढोलकवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ठेका निम्म्यावर आणला. त्या चालीवर धून वेगळीच लागत होती. मला ती पहिल्यांदाच नीट ऐकू आली. आत पीक अधूनमधून खडखडत होती, पण आता कोणी हसत नव्हतं.

दोन ओळी झाल्या. तिसऱ्या वळणाच्या ओळीत मी 'ध'वरून एकदम 'सा'वर उडी मारली. मधला सूर गाळला. मला कळलंसुद्धा नाही, पुढं चाललो होतो.

"नी!"

मी थांबलो. कोण बोललं ते मला कळेना. कीबोर्डवाल्यांनीही हात उचलला होता.

"नी!" पुन्हा आवाज आला. भाऊजी खुर्चीत पुढं वाकले होते, डाव्या हाताचं बोट माझ्याकडे रोखलेलं. चेहरा लाल झाला होता. रागावले होते. सरळ सरळ रागावले होते, चुकणाऱ्या विद्यार्थ्यावर मास्तर रागावतो तसे. "अरे! नी!" आणि मग गायले. घोगरा, तुटका, पण सुरातला आवाज. "प ध नी सा... नी ध प."

दोन वर्षांत त्या माणसाच्या तोंडून एका शब्दापलीकडे काही ऐकलेलं नव्हतं कोणी. मीही नाही. घरी सराव करताना नुसतं अं अं अं. ताई हळदीची वाटी घेऊन मांडवाच्या खांबापाशी उभी होती, आणि वाटी तिच्या हातात कलती झाली होती. हळद साडीवर ओघळत होती, ते तिला समजत नव्हतं.

भाऊजींनी बोट हलवलं. वाजव.

मी तिसरी ओळ पुन्हा घेतली. ते माझ्याबरोबर म्हणत होते, प ध नी सा, आणि नीवर जरा जास्त थांबत होते, मला दाखवायला. चौथी ओळ माझी कच्चीच होती. पण समोर ते एकेक सूर म्हणत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहून बोट ठेवत होतो, त्यामुळे चुकायला जागाच राहिली नाही. भाची हळद लावलेल्या अंगानं पाटावरून उठून त्यांच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली होती. तिनं त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले. दोन्ही खांद्यांवर पिवळे पंजे उमटले. त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटचा सा आला, त्यांनी बोट खाली केलं आणि पाठ टेकली.

टाळ्या झाल्या असाव्यात. मला आत्याबाईंचाच आवाज आठवतो. त्या उठून जो दिसेल त्याला सांगत होत्या, "बोलला न! माहा भाऊ बोलला! आयकलं न तुमी?"

पुढं असं होईल, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळे त्यांच्याभोवती जमले. एक जण म्हणतो, "दादा, मले वळखलं काय? नाव सांगा बरं माह्यं." दुसरी बाई म्हणते, "पोरीचं नाव घ्या न एकदा." माणसं प्रेमानंच विचारत होती. भाऊजी तोंड उघडायचे आणि निघायचं तेच, अरे. पुन्हा प्रयत्न करायचे. पुन्हा अरे. मघाशी लाल झालेला चेहरा हळूहळू उतरू लागला. डावा हात काठी शोधू लागला. मी गर्दीत घुसायचा प्रयत्न करत होतो, पण ताई माझ्या आधी पोचली. "चाला, चाला, जेवाले चाला सारे," ती मोठ्यानं म्हणाली, "पोळ्या थंड्या होऊन राहिल्या." आणि तिनं एकेकाला दंडाला धरून बाजूला केलं. यजमानीणच म्हणते म्हटल्यावर लोक गेले. डीजे पुन्हा सुरू झाला.

मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलो. मँडोलिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते डाव्या हातानं उचलून जरा हलवलं. खडखड. मग एका कडेवर तिरपं करून, भोक खाली येईल असं धरून एक हलका झटका दिला. पीक माझ्या चपलेवर येऊन पडली.

"हे आधी काहून नाई सांगतलं?" मी म्हटलं.

"अरे," ते म्हणाले. त्याचा अर्थ मला तेव्हा ताईला न विचारताही कळला.

जेवणाच्या वेळी बऱ्याच जणांनी येऊन सांगितलं. वऱ्हाडात कौतुकसुद्धा सरळ मिळत नाही. "बरं वाजवलं, पन लय सावकाश." "पयले तं वाटलं तुमचं काही खरं नाई." कीबोर्डवाले म्हणाले, "तिसरी वळ आम्हाले बी सुरुवातीले अशीच चुकत होती. सारे तिथंच मार खात." त्यांनी हे बहुतेक माझ्या समाधानासाठी सांगितलं, पण मला बरं वाटलं. माझी बायको म्हणाली, "नखानंच वाजवत जा. पिकेचा तो कचकच आवाज मले आवडतच नाई."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मामा म्हणून मी भाचीच्या मागं उभा राहिलो. निघताना ती आधी आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या, आणि शेवटी भाऊजींपाशी जाऊन बसली. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून, अगदी हळू, ती धून म्हटली. प, ध, नी, सा. तिला तेवढंच हवं होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

डॉक्टरांना ताईनं हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलणं जातं आणि गाणं राहतं. त्यावरून बोलणं परत येईलच असं नाही. आजवर आलेलं नाही. पाणी मागायला अजून अरेच लागतं. पण ताईनं एक केलं. सकाळी चहा देताना ती सा म्हणते, आणि भाऊजी तिथून पुढं चढत वरच्या 'सा'पर्यंत जातात. शेजारच्या बायका आधी हसल्या. आता त्यांना सवय झाली आहे.

लग्नानंतरच्या रविवारी मी गेलो तेव्हा घर रिकामं रिकामं वाटत होतं. मांडवाचे बांबू अजून अंगणातच पडले होते. मला वाटलं होतं की भाऊजी दमलेले असतील, आज काही वाजवायचं नाही. पण मी बसतो न बसतो तोच त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. मी मँडोलिन काढलं आणि धून सुरू केली. पहिली ओळही त्यांनी पूर्ण होऊ दिली नाही. हात आडवा हलवला आणि एक वेगळंच काहीतरी म्हणायला लागले. सूर खाली जाणारे, मधेच कोमल होणारे, मी कधी न ऐकलेले. मला एकही जागा सापडेना. ते पुन्हा म्हणाले. मी पुन्हा चुकलो. गुडघ्याला ढोसणी बसली.

आतून ताईनं आवाज दिला, "जेवून घ्या आधी दोघं. वरन निवून राहिलं."

भाऊजींनी तिकडे पाहिलंही नाही. माझं तर्जनीचं बोट धरलं, दोन पडदे खाली सरकवलं आणि दाबलं.